कच्च्या शूटिंगची डिस्क

चालू होते तोवर बोलायला सवड नव्हती. आता वायरी काढून मला काचेच्या कपाटात ठेवलंय, तेव्हा म्हटलं, मनातलं बोलून घ्यावं. मी एक हार्ड डिस्क आहे. संगणकाच्या डब्यात बसणारी, जाडजूड, जुन्या चालीची. आमच्यातल्या नव्या पोरींच्या पोटात फिरणारं काहीच नसतं, त्या गुपचूप काम करतात. माझ्या पोटात चकत्या आहेत. त्या फिरल्याशिवाय मला काही आठवत नाही, आणि आवाज न करता फिरणं मला कधी जमलं नाही.

माझा जन्म कुठल्या देशात झाला ते माझ्या अंगावर बारीक अक्षरात छापलंय, पण ते वाचायला कुणाला वेळ आहे? मला एवढंच आठवतं की ज्या बायकांनी मला जोडलं त्यांनी तोंडं झाकून घेतली होती आणि त्या धुळीला फार भीत होत्या. ही धाराशिवकडच्या वाशीच्या बाजारपेठेत जाणार आहे, असं कुणी त्यांना सांगितलं असतं तर बिचाऱ्यांनी हातपाय गाळले असते.

सोलापूरच्या एका दुकानातून मला बसवराजअण्णांनी घेतलं. त्यांचा वाशीत फोटो स्टुडिओ. येताना एसटीत त्यांनी मला टॉवेलात गुंडाळून मांडीवर घेतलं होतं. शेजारच्या माणसानं विचारलं, "काय, पेढे हायत का?"

"न्हाय हो, डिस्क हाय. शूटिंगच्या कामाची."

"मग एवढं काय जपताय लेकरावानी?"

अण्णांनी टॉवेलाची गाठ तेवढी घट्ट केली. माणूस मला तिथंच आवडला.

त्या काळी अण्णांकडं छोट्या कॅसेटी घालायचा कॅमेरा होता. लग्न झालं की कॅसेटमधलं सगळं माझ्यात ओतायचं आणि मग अण्णा कापायला बसायचे. गाणी घालायचे, नवरा-नवरीभोवती गुलाबाची फुलं उडवायचे, आणि गिऱ्हाइकाला त्याची सीडी करून द्यायचे. त्याला म्हणायचं पक्कं. कापायच्या आधीचं जे सगळंच्या सगळं, ते कच्चं. पक्कं गिऱ्हाइकाच्या घरी जायचं. कच्चं माझ्याकडं राहायचं.

आणि खरं सांगू? पक्क्यापेक्षा कच्चं कितीतरी छान असतं. पक्क्यात सगळे शहाण्यासारखे उभे असतात. कच्च्यात करवली पदराची पिन दातात धरून आरसा शोधते. आचारी आमटीची चव घेतो आणि कुणी बघितलं का ते बघतो. नवरीचा बाप मांडवामागं एकटाच उभा राहून डोळे पुसतो आणि पुन्हा हसत पुढं येतो. ढोकीच्या एका लग्नात कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरांमध्ये वरात अडकली होती, तेव्हा घोड्यावरचा नवरदेव खाली उतरून ट्रॅक्टरवाल्यांशी भांडला. ते भांडण कापलं गेलं. माझ्याकडं मात्र शिव्यांसकट होतं.

अण्णांनी माझ्या पाठीवर पांढऱ्या कागदी चिकटपट्टीचा तुकडा लावला आणि वर लिहिलं, "कच्चं". मला त्या पट्टीचा अभिमान होता. लोक घरावर नाव लावतात, तसं ते माझं नाव.

पुढं नवे कॅमेरे आले, नव्या डिस्का आल्या, आणि मी ड्रॉवरमध्ये गेले. तिथं माझी एक बहीण आधीच पडलेली होती. एकाच कंपनीच्या आम्ही, एकाच मापाच्या. कुणीही जुळ्या म्हणावं. तिच्यात स्टुडिओचं जुनं विंडोज होतं आणि तिच्या पाठीवर पट्टी होती, "रिकामी". ती वर, मी खाली, अशा आम्ही पुष्कळ वर्षं पडून होतो. ड्रॉवर उघडायचा तो सेलोटेप नाहीतर कात्री शोधायला. आम्ही बघायचो, ड्रॉवर बंद व्हायचा.

यंदा नवरात्र बसायच्या आधीच्या आठवडी बाजारी धुरपदाबाई आल्या. तेरखेड्याकडच्या. पायरीवर चपला काढून आत आल्या तरी खुर्चीवर बसेनात. अण्णांनी बळंच बसवलं.

"अण्णा, आमचे मालक गेल्याचं कळलंच आसंल."

"कळलं मामी. लई वाईट झालं. हलगी ऐकावी तर रामलिंगमामांचीच."

रामलिंगमामा म्हणजे धुरपदाबाईंचे यजमान. आसपासच्या गावांतल्या लग्नांत त्यांची हलगी नाही असं सहसा व्हायचं नाही. तेरखेड्याच्या फटाक्यांची माळ आणि मामांची हलगी, हे दोन आवाज आले की वरात आली असं लोक समजायचे.

"फोटूसाठी आलेय," धुरपदाबाई म्हणाल्या. "आधारकार्डावरचा एक हाय. त्यात मालक पोलिसानं धरून आणल्यावानी दिसत्यात. नात म्हनती, आज्जे, ह्ये आबा न्हाईतच. आता जलमभर लोकांच्या लग्नात वाजवलं, पर फोटू निघत्यात ते नवऱ्या-नवरीचे. वाजवणाराचा कोण काढतंय?"

अण्णांनी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्या सरकवला.

"आडत्याच्या पोराच्या लग्नाची शीडी बघून आले म्या. मांडवापसनं वरातीपातूर सगळी बघितली. नुसता कोपर दिसतोय ह्यांचा. तोंड न्हाय, हलगी न्हाय, कोपर तेवढा. पर मालक सांगायचे, त्या लग्नात फोटूवाल्या अण्णांनी लई येळ माझ्याम्होरं कॅमेरा धरला हुता म्हनून."

"धरला हुता," अण्णा म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा उतरला. "पक्क्यातनं कापावं लागलं, मामी. लोकास्नी त्यांच्या घरची माणसं बघायची असत्यात. पर कच्च्यात हाय. आता सगळ्या मंडळांच्या देवीची कामं अंगावर हायत. दसरा होऊ द्या, म्होरल्या बाजारी या. काढून ठिवतो, तुमच्या नातीच्या मोबाइलवर घालून देतो."

"हाय न्हवं पर?"

"हाय म्हणलं की मामी."

मी ड्रॉवरमध्ये पडल्या पडल्या ऐकत होते. आहे हो, माझ्यापाशी आहेत तुमचे मालक, असं ओरडून सांगावंसं वाटलं. त्या लग्नातल्या त्या जागेवर माझा हात थेट पडला असता. पण वायर नसली की आम्ही मुक्या. धुरपदाबाई चपला घालून गेल्या, पायरी उतरताना त्यांनी पदरानं डोळे पुसले.

त्याच आठवड्यात शिवप्रिया सुट्टीला आली. अण्णांची मुलगी, धाराशिवच्या कॉलेजात कॉम्प्युटर शिकते. आल्या आल्या तिनं स्टुडिओचा संगणक तपासला आणि जाहीर केलं की हा आता जुना झाला, याच्यावर नवीन विंडोज चढणार नाही. अण्णांचा चेहरा पडला. मग तिनं लिनक्सचं सांगितलं. लिनक्स म्हणजे विंडोजच्या जागी चालणारी दुसरी व्यवस्था. फुकट मिळते आणि म्हाताऱ्या यंत्रांनाही झेपते. गंमत अशी की ती एकच नाही. धपाटे सगळ्यांच्याच घरी होतात पण प्रत्येक घरची चव निराळी, तसे तिचे पुष्कळ प्रकार. त्यांना शिवप्रिया डिस्ट्रो म्हणायची.

"अप्पा, तुमच्या चालू डिस्कला मी हात लावणार न्हाय," ती म्हणाली. "मला एक वेगळी डिस्क द्या. तिच्यावर एक डिस्ट्रो टाकते, चार दिवस बघते, पुसते, दुसरी टाकते. आपल्याला जमंल ती मग ठरवू."

"पेन ड्राइव्हवर न्हाय का व्हत?"

"व्हतंय, पर लई हळू. खरं कसं चालतंय ते डिस्कवर टाकल्याबिगर कळत न्हाय."

"मग नवी आणू का सोलापूरहून?"

"नवी कशाला? करून बघायला जुनीच बरी. बिघडली तर बिघडली."

बिघडली तर बिघडली! मला राग आला, पण तिचं म्हणणं बरोबर होतं. जिच्यात काही गुंतलेलं नाही, तीच डिस्क अशा कामाला घ्यावी.

"ड्रॉवरमधली रिकामी घे," अण्णा म्हणाले. "तीत जुनं विंडोज आन काय बाय पडलेलं आसंल, खुशाल पुसून टाक. दुसरीला मात्र हात लावू नगंस. तीत कच्चं हाय. पट्टीवर लिवलंय बघ."

यात चूक कुठं होती का? मुलगी सावध, बाप सावध. पण घरात तिसरं माणूसही होतं, आणि त्या माणसाचं आमच्यावर प्रेम होतं.

खंडेनवमीला हत्यारं पुजतात. कुणाकडं कोयता-खुरपं असतं, कुणाकडं वस्तरा, कुणाकडं शिलाई मशीन. आमच्या घरचं हत्यार म्हणजे कॅमेरा. गिरिजाबाई, म्हणजे अण्णांची बायको, वर्षातून एकदा त्या दिवशी स्टुडिओ ताब्यात घेतात आणि त्या दिवसापुरतं अण्णांना तिथं काही बोलता येत नाही. त्यांचं माहेर उमरग्याकडचं, काम करताना त्या स्वतःशी कानडीत बोलतात. कॅमेरे, दिवे, दिव्यांच्या छत्र्या, संगणक, सगळं ओल्या फडक्यानं पुसून त्यांनी पाटावर मांडलं. मग ड्रॉवर उघडला.

"शिवशिव, ह्या दोघी इथंच कुजायल्यात की," असं म्हणून त्यांनी आम्हाला बाहेर काढलं.

मांडी घालून बसल्या आणि एकेकीला हातात घेऊन पुसलं. कोपऱ्यातली धूळ त्यांनी पदराच्या टोकानं काढली. माझ्या पाठीवरची पट्टी कडेनं काळी पडली होती, गोंद बाहेर येऊन त्यात केस अडकला होता. देवापुढं असं कळकट ठेवायचं कसं? त्यांनी नखानं हळूच ती पट्टी सोडवली, उरलेला गोंद खोबरेल तेलाचं बोट लावून काढला. बहिणीचंही तसंच केलं. मग दोघींच्या पाठीवर तीन बोटांनी विभूतीचे पट्टे ओढले आणि वर एकेक झेंडूचं फूल ठेवलं. एवढ्या मायेनं मला कुणी कधी हाताळलं नव्हतं. नाव गेलं हे माझ्या ध्यानात आलं, पण अंगावरून असा हात फिरत असताना तक्रार कोण करतं?

संध्याकाळी आम्हाला परत ड्रॉवरमध्ये ठेवलं. या वेळी मी वर होते.

नवं काम दसऱ्याला सुरू करावं म्हणून शिवप्रिया दसऱ्याच्या सकाळी बसली. अण्णा देवीच्या मिरवणुकीच्या शूटिंगला गेलेले. तिनं आधी चालू डिस्कच्या वायरी काढून ठेवल्या, म्हणजे चुकून अण्णांच्या कामाला धक्का नको. शाबास, म्हटलं मी मनात. मग ड्रॉवर उघडला आणि थबकली. दोन सारख्या डिस्का, दोघींना सारखी विभूती.

"अव्वा, ह्यातली रिकामी कुठली गं?"

"जशा हुत्या तशाच ठिवल्यात," गिरिजाबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्यांना तसंच वाटत होतं.

"रिकामी वर असायची न्हवं?"

"मग वरचीच आसंल की."

तिनं मला उचललं. आता लपवून काय उपयोग, मला आनंद झाला. इतक्या वर्षांनी वायर लागली, चकत्या फिरल्या, अंगात ऊब आली. पडद्यावर दिसलं की डिस्कमध्ये बरंच काही भरलेलं आहे. शिवप्रियाला अप्पांचं बोलणं आठवलं, जुनं विंडोज आन काय बाय. पडद्यानं विचारलं, सगळं पुसलं जाईल, चालेल का? तिनं हो म्हटलं.

पुसताना दुखत नाही. एवढंच होतं की कुठं काय ठेवलंय ते आपलं आपल्यालाच सांगता येत नाही. लग्नं जागच्या जागी होती, माणसंही होती, पण त्यांना हाक मारायला नावं उरली नाहीत. आणि मग वरून नवीन वस्ती येऊ लागली. पहिल्या दिवशी मिंट नावाचं लिनक्स आलं, हिरवं हिरवं, नीटनेटकं. ते कुणाच्या तरी हळदीवर बसलं, ती हळद कायमची गेली. ते पुसून उबुंटू आलं, त्याच्याखाली एक बारसं गेलं. मग फेडोरा आलं. शिवप्रिया खूश होती. मराठी अक्षरं कुठं नीट दिसतात, प्रिंटर कुठं चालतो, फोटो कुठं पटकन उघडतात ते बघायची आणि अप्पांना हौसेनं सांगायची. अण्णा मान डोलवायचे. त्यांना कळत फार नव्हतं, पण मुलगी आपल्या स्टुडिओसाठी झटतेय याचं कौतुक त्यांच्या डोळ्यांत मावत नव्हतं. आणि मी प्रत्येक वेळी जीव मुठीत धरून बघत होते, आता ही कुठं लिहिते. आडत्याच्या मांडवाच्या बाजूला नको गं बाई. तिकडं एक माणूस आहे.

ठरल्या बाजारी धुरपदाबाई आल्या. नातीचा मोबाइल रुमालात बांधून आणला होता, आणि पिशवीत सीताफळं. या वेळी स्वतःहून खुर्चीवर बसल्या. अण्णांनी ड्रॉवरमधून माझ्या बहिणीला काढलं, संगणकाला जोडलं आणि उघडलं. आत जुनं विंडोज. दुसरं काहीच नाही. त्यांनी पुन्हा बघितलं. मग त्यांनी लेकीकडं बघितलं, आणि लेकीनं माझ्याकडं.

शिवप्रियानं पहिली गोष्ट कुठली केली असेल तर मला बंद केलं. वायर ओढूनच काढली.

आतल्या खोलीत अण्णा तिला हळूच म्हणाले, "रडू नगं. डिस्क खराब झाली म्हणून सांगतो म्या. जुनी हुती, झाली खराब. तुझं नाव न्हाय निघायचं."

"खराब न्हाय झाली अप्पा. म्या पुसलीय."

"ते त्यास्नी सांगून काय हुणार हाय?"

"खराब झाली म्हणलं की त्या उठून घरी जातील. मग शोधायचं कुणी?"

ती बाहेर आली आणि धुरपदाबाईंच्या समोर खाली बसली. सगळं सांगितलं. तेवढ्यात गिरिजाबाई आल्या, म्हणाल्या, पोरीला बोलू नका, पट्ट्या म्या काढल्या. अण्णा म्हणाले, चूक माझी, तवाच काढून द्यायला पायजे हुतं, देवीच्या कामापायी म्या टाळलं. असं भांडण मी आयुष्यात पाहिलं नव्हतं. प्रत्येक जण चूक आपल्याकडं ओढत होता आणि धुरपदाबाई एकेकाच्या तोंडाकडं बघत होत्या.

"म्हंजी ह्ये आता न्हाईतच का?" त्यांनी विचारलं.

"सांगता येत न्हाय आजी," शिवप्रिया म्हणाली. "गावातल्या सगळ्या घरांवरची नावं पुसली म्या. काही घरं पाडून तिथं दुसरी बांधली. पर बाकीच्या घरात माणसं अजून असतील. आता दार वाजवत हिंडावं लागंल."

"येळ लागंल?"

"लई लागंल. आणि सापडतीलच असं न्हाय."

धुरपदाबाईंनी मोबाइलची गाठ पुन्हा बांधली. मला वाटलं, निघाल्या. त्या म्हणाल्या, "मग हिंड. म्या बसते."

गंमत बघा, ज्या लिनक्ससाठी मला पुसलं, त्याच लिनक्समध्ये हरवलेलं शोधून काढायचं साधन होतं. शिवप्रियानं लिनक्स पेन ड्राइव्हवरून चालू केलं, म्हणजे माझ्यावर आणखी काही लिहिलं जायला नको. सापडेल ते बहिणीकडं ठेवायचं ठरलं. आणि मला म्हणाली, अगदी हळू, "चल बाई. आता तुझ्यावर हाय."

मी फिरू लागले. या टोकापासून त्या टोकापर्यंत, एकही जागा न सोडता. नावं नसल्यामुळं मीही आंधळ्यासारखी चाचपत होते. इतक्या वर्षांची पडून राहिलेली मी, त्यात चार दिवस सारखी पुसली-लिहिलेली. दुपारच्या सुमाराला माझ्यातून टिकटिक आवाज यायला लागला.

"ह्यो आवाज कसला?" अण्णांनी विचारलं.

"थकलीय ती, अप्पा. काही जागा वाचायला जमंनात तिला. बंद पडली तर संपलं."

बाहेर एकेक चित्रफीत निघत होती, बिननावाची. अण्णा मांडवाच्या कापडावरून ओळखायचे, हे ह्यांचं, हे त्यांचं. धुरपदाबाई आणि गिरिजाबाई शेजारी बसून दुसऱ्यांची लग्नं बघत होत्या. "ही रडतीया ती आता सासूला रडवती," असं काहीतरी म्हणून मधेच हसायच्या आणि हसल्याचं लक्षात आलं की गप्प व्हायच्या. गिरिजाबाईंनी तिथंच ताट आणलं, ज्वारीची भाकरी, शेंगाची चटणी, वरण. धुरपदाबाई नको म्हणाल्या. "उपाशी माणसाला काय घावत न्हाय," असं दटावून गिरिजाबाईंनी घास मोडायला लावलाच.

आणि मग ती जागा आली. आडत्याच्या मांडवाची. मला कळलं, कारण तिच्या अलीकडं सगळं फेडोराखाली गेलेलं होतं. मुंडावळ्या गेल्या, मंगलाष्टका गेल्या. पुढची जागा दुबळी झाली होती. एकदा वाचायला गेले, हुकले. टिक. पुन्हा गेले, पुन्हा टिक. शिवप्रियाचा हात वायरीवर गेला, माझे हाल तिला बघवेनात. नको गं, अजून एकदा, असं मी म्हणत होते, आणि तिला ते ऐकू गेलं की काय कोण जाणे, तिनं हात मागं घेतला. मी सगळा जीव त्या एका रेषेवर एकवटला आणि वाचलं. जेवढं वाचता आलं तेवढं बहिणीच्या ओंजळीत टाकलं. नंतर माझ्या आत काहीतरी घासलं आणि मी थांबले.

शिवप्रियानं ती फीत लावली. आधी नुसते रंगीत चौकोन. मग चित्र जुळलं. मांडवाची मागची बाजू. कडब्याच्या चिपाडांचा छोटा जाळ. जाळाशेजारी पांढरा फेटा बांधलेला एक माणूस उकिडवा बसलेला, हलगी शेकत. कातडं आवळलं का ते बोटानं वाजवून बघतोय, कानापाशी नेतोय, पुन्हा जाळावर धरतोय. नवरदेव यायचा होता, तोवर अण्णांनी उगीचच कॅमेरा चालू ठेवला होता.

धुरपदाबाई खुर्चीतून उठल्या आणि पडद्याजवळ जाऊन उभ्या राहिल्या.

पडद्यावरच्या माणसानं वर बघितलं. कॅमेरा आपल्यावर आहे हे कळून तो लाजला, फेटा सारखा केला, आणि म्हणाला, "अण्णा, माझ्यावर कशाला वाया घालवतावं? नवरदेव यील की आता."

तरुण अण्णांचा आवाज मागून आला, "यील तवा यील. तुमी वाजवा."

रामलिंगमामा हसले. जाळाला पाठ करून उभे राहिले, हलगी छातीशी घेतली आणि वाजवली. थोडीच. चित्र पुन्हा चौकोनांत फुटलं, आवाज जरा वेळ पुढं चालत राहिला, आणि तोही तुटला.



"वाया न्हाय गेलं हो," धुरपदाबाई पडद्याला म्हणाल्या. नवरा समोर बसला आहे अशा आवाजात म्हणाल्या. "वाया न्हाय गेलं, मालक."

मग त्या रडल्या. गिरिजाबाईंनी त्यांना जवळ घेतलं. शिवप्रिया मोबाइलला वायर लावत होती आणि तिला ती लावायला जमत नव्हती, म्हणून अण्णांनी लावून दिली. निघताना धुरपदाबाईंनी माझ्यावर हात ठेवला आणि चटकन काढून घेतला. "लई तापलीय गं ही," त्या म्हणाल्या, "इसावा द्या हिला."

विसावा मिळाला. माझ्या बहिणीत आता ती फीत आहे, अण्णांनी तिच्यावर नवी पट्टी लावलीय आणि घरात सगळ्यांना तंबी दिलीय. मिंट करून बघायला शेवटी एक नवी छोटी डिस्क आली. अण्णांना ते जमतंय, फक्त अजून ते त्याला विंडोजच म्हणतात.

तुम्हीही लिनक्स करून बघा, मी अडवणार नाही. वेगळी डिस्क घ्या, बाकीच्यांच्या वायरी काढून ठेवा. पण पुसायच्या आधी आत काय आहे एवढंच विचारू नका. आत कोण आहे ते घरातल्या सगळ्यांना विचारा, शेजाऱ्यांनाही विचारलं तरी चालेल.

आणि मला आता जोडू नका. जोडलंत तर मी टिकटिक करीन, तुमच्या हाती काही लागणार नाही. माझ्यापाशी एक माणूस ठेवायला दिलेला होता. तो त्याच्या घरी पोचला. येते मी.